साडेअठरा गुणांची ओळ

श्री काळकाई ज्ञातिहितवर्धक मंडळ, डोंबिवली पूर्व, यांच्या वेबसाइटवर पत्रिका जुळवण्याचं मॉड्यूल आपण स्वतः करून देऊ, असं प्रभाकर आगवेकर भर सभेत बोलून गेले, याला कारण चहा. चहा वेळेवर आला असता तर सभा विषय क्रमांक सातपर्यंत टिकलीच नसती. चहा झाला की सभासदांनी चपला शोधायला लागायचं, हा मंडळाचा बत्तीस वर्षांचा प्रघात होता. पण त्या दिवशी स्टोव्ह भडकला, चहा लांबला, आणि अध्यक्ष महिपतरावांनी विषय सात वाचून दाखवला : मंडळाचे वधूवर सूचक केंद्र इंटरनेटवर नेणे.

साल होतं १९९९. त्या वर्षी जो तो काही ना काही इंटरनेटवर नेत होता. मंडळाची वेबसाइट तशी तयार होती. तिच्यावर काळकाईचा फोटो होता, त्याच्याहून थोडा मोठा कार्यकारिणीचा फोटो होता आणि आजवर किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा होता. तो बेचाळीस होता आणि त्यातले चाळीस वेळा महिपतरावच येऊन गेले होते. आता मुलामुलीचं जन्मटिपण भरलं की छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते सांगणारी सोय तेवढी हवी होती. ठाण्यातली एक कंपनी त्याला तीन महिने लागतील म्हणत होती.

"तीन महिने कसले," आगवेकर म्हणाले, "पंधरा दिवसांचं काम आहे."

आगवेकर एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. वय सत्तेचाळीस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहा महिन्यांचा संगणकाचा डिप्लोमा केला होता. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं सर आले समजून उठून उभी राहिली होती, आणि आगवेकरांनी त्यांना बसा म्हणून सांगितलं होतं. डिप्लोम्यात त्यांचा पहिला नंबर आला. ते प्रमाणपत्र त्यांनी काच लावून बाहेरच्या खोलीत, दिवंगत सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगलं. तेव्हापासून दोघेही भिंतीवरून काही तरी घडण्याची वाट बघत होते.

महिपतरावांनी आधी बाकीच्या सभासदांकडे पाहिलं. मागे मंडळाच्या स्मरणिकेचं काम आगवेकरांनी असंच अंगावर घेतलं होतं आणि तिच्यात अध्यक्षांचा फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली' या मथळ्याखाली छापून आला होता. महिपतरावांच्या घरी दोन दिवस लोक भेटायला येत होते, आणि दार खुद्द महिपतरावच उघडत असल्यामुळे प्रत्येक वेळी थोडा वेळ कोणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं. पण चहा अजून आला नव्हता आणि दुसरं कोणी उभं राहत नव्हतं.

"अक्षय्य तृतीयेला उद्घाटन," महिपतराव शेवटी म्हणाले. "या वेळी चुकलं ना आगवेकर, तर मंडळात तुम्ही फक्त जेवायला यायचं."

तीनशे निमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या. तळाशी ओळ होती : 'गुणमेलन मॉड्यूल : श्री. प्रभाकर आगवेकर (स्वनिर्मित).' आगवेकरांनी त्यातल्या चाळीस स्वतः वाटल्या. इमारतीत, कारखान्यात, डिप्लोम्याच्या वर्गात आणि दाढीच्या दुकानात.

प्रोग्राम लिहिणं सोपं गेलं. जन्मतारीख, वेळ आणि गाव घातलं की चंद्र कुठे होता ते काढायचं, त्यावरून नक्षत्र, नक्षत्रावरून रास, नाड, गण आणि मग बेरीज. जो माणूस बावीस वर्षं रंगांच्या छटा मोजतोय त्याला चंद्र जड जायचं कारण नव्हतं. दहाव्या दिवशी प्रोग्राम लिहून झाला, आणि कंपाइल म्हणजे माणसाच्या भाषेतून यंत्राच्या भाषेत करूनही झाला. डिप्लोम्यात शिकवलं होतं की, ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे असं उदाहरण पहिल्यांदा घालून बघावं. आगवेकरांना असं एकच उदाहरण पाठ होतं. त्याचं उत्तर अठ्ठावीस.

अठ्ठावीस गुण हे आगवेकरांच्या संसारातलं सर्वोच्च न्यायालय होतं. पडद्यांचा रंग, माहेरी जाण्याचे दिवस, आमटीतला गूळ, कुठलाही वाद हाताबाहेर जाऊ लागला की आगवेकर शांतपणे म्हणत, "सुमती, अठ्ठावीस गुण जुळलेत आपले." यावर सुमतीबाई उठून आत जात. आपल्या मुद्द्याला उत्तर नाही, असा आगवेकर त्याचा अर्थ घेत आले होते. कल्याणच्या एका नामांकित ज्योतिषाच्या हातची, कोपऱ्यांना हळद लावलेली सुमतीबाईंची पत्रिका कपाटात होती. आगवेकरांनी तिच्यातली तारीख आणि वेळ घातली, आपली घातली आणि कळ दाबली.

पडद्यावर आलं : गुण ९॥. एकनाड. षडाष्टक. विवाह करू नये.

आगवेकरांनी आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला. पुन्हा कळ दाबली. संगणक आपल्या मताशी ठाम होता. सुमतीबाई आतून विचारत होत्या, जमलं का, किती आले. आगवेकर म्हणाले, जमत आलंय, किंचित कमी दाखवतोय.

पुढचे तीन दिवस त्यांनी चूक शोधली. चूक नव्हती. पत्रिकेत सुमतीबाईंचं नक्षत्र अश्विनी लिहिलं होतं आणि संगणक रेवती म्हणून अडून बसला होता. आता शाईनं लिहिलेल्या, हळद लावलेल्या कागदावर संशय घ्यायचा, की गल्लीतल्या दुकानातून जुळवून आणलेल्या खोक्यावर? आगवेकरांना हा प्रश्न पडलासुद्धा नाही.

शेजारचे दाजी मात्र सल्ला द्यायला हजर होते. दाजी वजनमापं खात्यातून निवृत्त झाले होते, फावल्या वेळात पत्रिका बघत, आणि त्या वर्षी त्यांना वाय-टू-केनं पछाडलं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक तारखा विसरणार, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. त्यांचं म्हणणं पडलं की हा रोग तुमच्या संगणकाला आधीच झालाय. यात थोडं तथ्य होतं. संगणकाच्या आतली बॅटरी गेली होती आणि वीज गेली की तो १ जानेवारी १९८० हीच तारीख धरून बसायचा. आगवेकर रोज सकाळी दूध घेतल्यावर कॅलेंडर बघून त्याला तारीख सांगत. दाजींना त्यांनी विचारलं साडेनऊ गुणांबद्दल, तेही एका मित्राचं उदाहरण म्हणून. दाजी म्हणाले, "प्रभाकरपंत, एकनाड आणि षडाष्टक? ते लग्न वर्षभर टिकलं तर मी मिशी काढीन." दाजींना मिशी नव्हती, पण मुद्दा पोहोचला.

उद्घाटनाला आठवडा उरला तेव्हा आगवेकरांना शालान्त परीक्षेची आठवण झाली. गणितात चार मार्कांनी अडलेल्या मुलाला बोर्ड कृपागुण देतं आणि पुढे ढकलतं. त्यामुळे गणिताचंही काही बिघडत नाही आणि मुलाचंही भलं होतं. त्यांनी प्रोग्रामच्या शेवटी एक ओळ घातली : बेरीज अठरापेक्षा कमी आल्यास साडेअठरा मिळवा. शेजारी शेरा लिहिला, 'तात्पुरते. नंतर काढणे.' कळ दाबली. अठ्ठावीस आले. आगवेकरांनी समाधानानं मॉड्यूल बांधायला घेतलं.

बांधणं हे वेगळं प्रकरण होतं. वेबसाइट ज्या सर्व्हरवर होती तो ठाण्याला, कोपरीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. मॉड्यूल तिथे कसं द्यायचं याचं तिथल्या ऑफिसचं छापील पत्रक होतं. सगळ्या फायली एकात आवळून त्याचं एक पॅकेज करायचं, नावं आठ अक्षरांच्या आत ठेवायची, सोबत कसं बसवायचं ते सांगणारी फाइल द्यायची. ती आगवेकरांनी सहा पानांची लिहिली आणि तिची सुरुवात मानवी जीवनात विवाहाचं स्थान इथून केली. शंभर वर्षांचं पंचांग आणि देवीचं चित्र धरून पॅकेज एका फ्लॉपीत मावेना. त्याचे तीन तुकडे करून तीन फ्लॉप्यांवर घालावे लागले. सुमतीबाईंनी त्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात नीट बसवून दिल्या. शुभकार्याला निघालेली वस्तू कोरडी कशी पाठवायची, म्हणून तिन्हींना हळदकुंकू वाहिलं, पत्र्याची झाकणं सरकवून, आतपर्यंत.

कोपरीच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा काळुराम नावाचा चेंदणी कोळीवाड्यातला पस्तिशीचा माणूस होता. त्यानं पहिली फ्लॉपी यंत्रात घातली. आतून करकर आवाज आला. फ्लॉपी बाहेर आली तेव्हा यंत्राच्या तोंडाला कुंकू लागलं होतं. काळुराम त्याच्याकडे बघत राहिला, नव्या नवरीकडे सासरचे बघतात तसा.

"काका," तो म्हणाला, "आमच्याकरं नवी होडी पाण्यात घालताना पुजतान. पन नारळ इंजनात नाय फोरत."

तिन्ही फ्लॉप्या गेल्या होत्या. शिवाय मॉड्यूल स्वीकारण्याचा अर्ज तीन प्रतींत हवा होता आणि प्रत्येक प्रतीवर मंडळाचा रबरी शिक्का. शिक्का नसेल तर आपण काळकाईला स्वतः घेऊन आलात तरी उपयोग नाही, असं काळुरामनं नम्रपणे सांगितलं. छापून आणलेल्या सहा पानांच्या माहितीचं काय करायचं, असं आगवेकरांनी विचारल्यावर त्यानं ती पानं यंत्राचं तोंड पुसायला घेतली.

हा गुरुवार. रविवारी अक्षय्य तृतीया.

मंडळाचा शिक्का ठाकुर्लीला खजिनदार मारुतीरावांकडे असे, आणि मारुतीराव तो हरवू नये म्हणून देवघरात ठेवत. आगवेकर शुक्रवारी सकाळी गेले तर मारुतीरावांना सुतक होतं. चुलत्याचं. दहावा रविवारी. घरातलं कोणी देवाला शिवणार नव्हतं. आगवेकर म्हणाले, मी हात घालून घेतो. मारुतीरावांच्या मातोश्रींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आंघोळ इथेच करायला लावली. मग म्हातारीचं म्हणणं पडलं की सोवळ्यातला माणूस देवापर्यंत जातोच आहे, तर देव पारोसे का ठेवायचे. आगवेकर शिक्का आणायला गेले ते सव्वीस देवांना पंचामृती स्नान घालून, मारुतीरावांचं आखूड सोवळं सावरत दीड तासानं बाहेर आले. तिन्ही अर्जांवर शिक्का उठला. निघताना म्हातारी म्हणाली, उद्या जरा लवकर या, आज नैवेद्याला उशीर झाला.

शनिवारी ठाकुर्लीची पूजा उरकून आगवेकर घरी आले तर वीज नव्हती. फ्लॉप्या पुन्हा भरायच्या होत्या, कोपरीचं ऑफिस पाचला बंद होत होतं, आणि आगवेकरांचा धीर सुटला. ते सुमतीबाईंवर घसरले. कुंकू घालायची काही गरज होती का, इथपासून सुरुवात झाली, आणि बोलण्याच्या भरात, आधीच आपल्या दोघांसाठी मला प्रोग्राममध्ये वरून गुण घालावे लागलेत, हे निघून गेलं. मग सवयीनं ते पुढेही बोलून गेले. "आपले अठ्ठावीस जुळलेत म्हणून, नाही तर—"

सुमतीबाई या वेळी उठून आत गेल्या नाहीत. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली.

"तुमच्या प्रोग्राममध्ये चूक नाहीये," त्या म्हणाल्या. "माझं नक्षत्र रेवतीच आहे. तुमचं स्थळ आलं तेव्हा गुण कमी पडत होते. अण्णांनी ज्योतिषीबुवांकडून अश्विनी लिहून घेतली. तारीख आणि वेळ मात्र बदलायची नाही म्हणाले, तेवढं खोटं मला नको."

आगवेकर खुर्चीत बसले. त्यांनी भिंतीवरच्या सासऱ्यांकडे पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावर बावीस वर्षं जे त्यांना सात्त्विक समाधान वाटत आलं होतं, ते आता नीट बघितल्यावर निराळंच काही तरी होतं. शेजारी प्रमाणपत्र होतं, प्रथम क्रमांकाचं.

"तुला माहीत होतं?"

"कमी पडतात एवढं माहीत होतं. किती ते अण्णांनी सांगितलं नाही. किती आले हो?"

"कमी," आगवेकर म्हणाले.

तेवढ्यात वीज आली, आणि आगवेकर ताडकन उठले. त्यांच्या मनाला लागलं होतं खरं, पण त्यातही कारागिराचा ताठा शिल्लक होता. म्हणजे मॉड्यूल पहिल्यापासून बरोबर होतं. चंद्र बरोबर होता. चुकला होता तो ज्योतिषी. उद्या तीनशे लोकांपुढे लागणाऱ्या मॉड्यूलमध्ये खोटी ओळ राहता कामा नये. त्यांनी ती ओळ खोडली, फाइल साठवली आणि कंपाइल करायची कळ दाबली. संगणकानं क्षणात कळवलं की सर्व काही अद्ययावत आहे. एरवी त्याला पाच मिनिटं लागत. पण माणसाच्या मनावरचं ओझं उतरल्यावर यंत्रही हलकं होत असेल, असा विचार करून आगवेकरांनी फ्लॉप्या भरल्या, पेढ्यांच्या खोक्यात घातल्या, खोकं सुमतीबाईंच्या हाती लागू न देता पिशवीत टाकलं आणि कोपरी गाठली. काळुरामनं प्रत्येक फ्लॉपी आधी हुंगली आणि मग यंत्रात घातली. पावणेपाचला मॉड्यूल बसलं.

रविवारी मंडळाचा हॉल भरला. फोनची तार खिडकीतून आत घेतली होती. तिसऱ्या खेपेला संगणक इंटरनेटला लागला, तेव्हा लोकांनी फोन जोडला जातानाच्या चिरक्या आवाजालाच टाळ्या दिल्या. महिपतराव खुर्चीत बसले आणि म्हणाले, आधी आमचंच बघू या, संगणक किती खरा बोलतो ते कळेल. महिपतराव आणि कलावतीबाई यांचे गुण अख्ख्या ज्ञातीला ठाऊक होते. साडेसतरा. अठराला कमी पडलेल्या अर्ध्या गुणासाठी कलावतीबाईंचे मामा मांडवात रुसून बसले होते, आणि पुढे मरेपर्यंत प्रत्येक पंगतीत त्यांनी तो अर्धा गुण काढला होता.

पडद्यावर आलं : गुण ३६. अत्युत्तम.

कलावतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "आज मामा हवे होते." दाजींनी उठून खुलासा केला की त्या काळी बोटांवर हिशोब व्हायचे, संगणक दशांशात जातो. मग एकच रांग लागली. कोणाला साडेबावीस, कोणाला एकतीस. भांडणं होऊन वेगळं बिऱ्हाड केलेल्या एका जोडप्याला चौतीस आले, आणि ते दोघं एकमेकांकडे चोरून बघायला लागले.

आगवेकर भिंतीला टेकून उभे होते. साडेसतरा अधिक साडेअठरा, ही बेरीज त्यांनी मनात तीनदा केली. मग त्यांना शनिवारची सकाळ दिसली : गेलेली वीज, आणि ठाकुर्लीच्या देवांच्या आणि अण्णांच्या गडबडीत संगणकाला सांगायची राहून गेलेली तारीख. संगणकाच्या लेखी तो दिवस १ जानेवारी १९८० होता. दुरुस्त केलेली फाइल त्याला एकोणीस वर्षं जुनी दिसली, आधी कंपाइल केलेली ताजी दिसली. जुन्या कागदासाठी नवं काम काढायचं नाही, या सरकारी शिस्तीनं त्यानं काहीही न करता 'अद्ययावत' असा शेरा मारला होता.

लोकांनी आगवेकर पतीपत्नीचं बघायचा आग्रह धरला. अठ्ठावीस आले. सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली. दुसऱ्या रांगेतून सुमतीबाई नवऱ्याकडे एकटक बघत होत्या. महिपतरावांनी आगवेकरांना हार घातला आणि स्मरणिकेचं प्रकरण आपण विसरल्याचं माइकवरून जाहीर केलं, त्यामुळे ते ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

चार दिवस आगवेकरांना अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी कॅलेंडर समोर धरून संगणकाला तारीख सांगितली, दुरुस्त फाइल पुन्हा साठवली, मॉड्यूल खरोखर कंपाइल केलं, तीन फ्लॉप्या भरल्या आणि खोकं घेऊन महिपतरावांकडे गेले. सगळं सांगितलं. फक्त रेवतीचं सांगितलं नाही. नवं मॉड्यूल चढवू द्या, म्हणजे तुमचे साडेसतरा होतील, पण खरे होतील, असं म्हणून थांबले.

महिपतरावांनी उठून दार लोटलं.

"बत्तीस वर्षं केंद्र चालवतोय मी आगवेकर. मुलगा पसंत, मुलगी पसंत, घर पसंत, आणि सोळा गुण आले म्हणून नकार. माझ्या वहीत अशी दीडशे नावं आहेत. रविवारपासून त्यातली अकरा घरं पुन्हा एकमेकांकडे पोहे खायला जातायत. हे खोकं घरी न्या."

"पण हे गणित खोटं आहे."

"तुमचं लग्न कितीवर झालं?"

आगवेकर हातातल्या खोक्याकडे बघत म्हणाले, "अठ्ठावीस."

"मग तुम्हाला नाही कळायचं," महिपतराव म्हणाले.

खोकं घेऊन आगवेकर घरी आले. मंडळात ते आता सभांनाही जाऊ शकत होते, शिवाय पुढच्या वर्षी कार्यकारिणीवर घेण्याची भाषा होती. पण खोक्यात जे होतं ते त्यांच्या आयुष्यातलं एकमेव निर्दोष काम होतं आणि ते कोणी बघणार नव्हतं. सुमतीबाईंनी चहा आणून ठेवला आणि खोक्याकडे बघून म्हणाल्या, "खरं मॉड्यूल यातच आहे ना? मग मला दाखवा की."

आगवेकरांनी नाही म्हणून बघितलं. मग संगणक लावला, तीन फ्लॉप्या ओळीनं घातल्या. सुमतीबाईंनी स्वतः एका बोटानं जन्मवेळ टिपली. नक्षत्राच्या जागी रेवती आलं. आगवेकर खिडकीबाहेर बघू लागले.

मग सुमतीबाईंनी चष्मा वर केला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"साडेनऊ?" त्या म्हणाल्या. "एवढे आहेत?"